केडला संघातून कोणी काढलं?

शुक्रवारी संध्याकाळी ड्राय फोर्क गावच्या शाळेचा संघ मैदानात धावत आला आणि त्यात केड रॅग्सडेल नव्हता. केड म्हणजे आमचा क्वार्टरबॅक. आमच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू तोच हातानं फेकणार, सगळा खेळ त्याच्याच मनगटावर. तो साध्या जीन्समध्ये बाकाजवळ मान खाली घालून उभा, आणि त्याच्या जागी आमच्या टेबलावरच्या ड्वेनचा नातू टकर! लाऊडस्पीकरवरचा माणूससुद्धा नाव घेताना अडखळला. आम्ही सडकून हरलो, पण हरल्याचं दुःख करायलाही कोणी शुद्धीवर नव्हतं. असा पोरगा हातचा घालवतं का कोणी?

शनिवारी सकाळी पेगीच्या हॉटेलात, आमच्या नेहमीच्या टेबलावर, नुसती जुंपली होती.

"कोचचं काम," म्हातारा हार्लन म्हणाला. जन्मभर गावाच्या हजामती केल्या, आता जिभेनं करतो. "काय रे ड्वेन, कितीदा मांस भाजून चारलंस कोचला, नातवाला उतरवायला?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" ड्वेन भडकला. "टकर स्वतःच्या जोरावर आलाय. त्या केडलाच माज चढला असेल."

मी गणितावर बोट ठेवलं. नापास झालं की खेळायचं नाही, हा राज्याचाच नियम. हार्लनला तेही पटेना. लबक शहरातल्या मोठ्या शाळेनं पोरगा पळवला म्हणे.

तेवढ्यात ओलेटा आत आली आणि आम्ही सगळे गप्प झालो. केड तिचा नातू.

ओलेटा रॅग्सडेलएवढं फुटबॉलवेड मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. मैदानाबाहेरची खाण्याची टपरी तीच चालवते. मक्याच्या चिप्सवर मिरचीचं झणझणीत मटण ओतून देते आणि देता देता पंचांचा उद्धार करते. एकदा एका पंचानं तिला कुंपणाबाहेर काढलं, तर ही पिकअपच्या टपावर चढून ओरडत राहिली. नवरा वारला तेव्हा दफन शुक्रवारी ठरत होतं. त्या दिवशी बाद फेरीचा सामना होता. "अर्ल एक दिवस थांबेल," असं पाद्र्याला ठणकावून तिनं दफन शनिवारी केलं. नवरा क्वार्टरबॅक, मुलगा रँडी क्वार्टरबॅक. रँडी समुद्रात तेलाच्या विहिरींवर कामाला असतो, सून केव्हाच निघून गेली, तेव्हा केडला वाढवलं ते या बाईनंच. तिच्या घरात देवाच्या तसबिरीखाली तिघांची हेल्मेटं ओळीनं मांडलेली आहेत.

ती खुर्ची ओढून बसली. पेगीनं न विचारता कॉफी ठेवली.

"चालू द्या की," ओलेटा म्हणाली. "दारापर्यंत ऐकू येत होतं."

"ओलेटाबाई, आम्ही तुमच्याच बाजूनं बोलतोय," हार्लन म्हणाला. "कोचला जाब विचारलाच पाहिजे."

"कोचला कशाला? त्याला गप्प राहायला मीच सांगितलं होतं. केडला मी काढलं."

माझ्या हातातला बिस्किटाचा तुकडा तसाच राहिला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. ड्वेन तर हसलाच.

"बुधवारी जेवायला बसलो," ती म्हणाली. "पोरानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, बाई, तुम्ही कोण? मला वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याच्या डोक्यात टपली मारायला हात उचलला, तर तो घाबरून मागे सरला. मला, स्वतःच्या आजीला, घाबरला!"

"अगं पण ऑगस्टमध्ये, हंगामाआधी, डोक्याची, आठवणीची परीक्षा घेतात ना पोरांची?" मी विचारलं. "खेळताना डोक्याला मार लागला की पुन्हा घेतात. फरक पडला तर कळतंच की."

"फरक पडलाच नाही. ऑगस्टमध्ये त्यानं मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती. आधीच मठ्ठ ठरलं की मार लागल्यावर फरक दिसत नाही, कोणी बाहेर बसवत नाही." तिनं कॉफीचा कप बाजूला सरकवला. "ही युक्ती मी शिकवली त्याला. अर्लनं रँडीला शिकवली होती, मी केडला. आमच्या घरची रीत."

मला या बाईचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तिचा हात धरावासाही वाटला. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"रँडीला कळवलंत?" हार्लननं हळूच विचारलं.

"रँडी विहिरींवर नाही रे. तो अ‍ॅबिलीनला असतो, डोकं चालेनासं झालेल्यांना सांभाळतात तिथं. बूट फ्रीजमध्ये ठेवतो. चाळीशीचा माझा लेक! मी जगाला काहीबाही सांगितलं आणि मनाला सांगितलं की दारूनं घात केला. त्याचीही सुरुवात अशीच झाली होती. बुधवारपर्यंत मला उमगलंच नाही. उमगून घ्यायचंच नव्हतं."

रँडीच्या एकेका फेकीवर आम्ही घसा फोडला होता. 

ओलेटा ड्वेनकडे वळली. "टकरला ऑगस्टमध्ये ही युक्ती कोणी शिकवली?"

ड्वेननं टोपी काढली, पुन्हा घातली.

"त्यात काय मोठंसं? सगळेच शिकवतात," तो म्हणाला. मग टेबलाकडे बघत सांगू लागला. "काल मध्यंतराआधी त्याला तो जाडा आदळला ना... उठला आणि भलत्याच बाकाकडे चालत गेला. समोरच्यांच्या. जाऊन बसला तिथं."

आठवलं. अख्खं मैदान हसलं होतं.

"रात्री बोलला का नीट?" ओलेटानं विचारलं.

"उलटी झाली म्हणाला. झोपतो म्हणाला. पोरगा दमला असेल म्हणून मी सकाळी हाकच मारली नाही."

"आत्ता कुठंय?"

"झोपलाय. अजून उठला नाही."

खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला. सत्तरी ओलांडलेली ती बाई आमच्या सगळ्यांच्या आधी दाराबाहेर होती. ड्वेनला किल्ली लावता येईना, म्हणून गाडी मी घेतली. तो शेजारी बसून घरी फोन लावत होता, आणि तिकडे नुसती घंटी वाजत होती.