मिरजकरचा चेहरा

घराबाहेर मिरजकरचे फक्त डोळे दिसत, पण भांडायला ते पुरत. जपानमधल्या उरायासुच्या आमच्या इमारतीत कुणीतरी भलत्याच दिवशी कचऱ्यात काचेच्या बाटल्या टाकल्या आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी परदेशी म्हणून आम्हा दोघींवर बोट ठेवलं. मी माफी मागून मोकळी होत होते. ही नकाबाआडून, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या जपानीत म्हणाली, "आजी, आधी पिशवी उघडून बघू या." आत साकेच्या, म्हणजे तिथल्या दारूच्या, बाटल्या. "आमच्या घरात हे येत नाही," ती म्हणाली. आमच्या घराबद्दल मी गप्प राहिले.

तिचं नाव वेगळं होतं, पण मिरजेची म्हणून आम्ही मराठी बायका तिला मिरजकरच म्हणायचो. आमचे नवरे एकाच कंपनीत. दुपारी मी तिच्याकडे गेले की दार लावून ती नकाब काढायची आणि घडाघडा बोलत सुटायची. गालावर खळी, पुढच्या दोन दातांत फट. मी बघतच राहायचे. "काय वो ताई, पिच्चर बघितल्यागत बघताय," ती म्हणायची.

मला मात्र ते चेहरा झाकणं पटत नव्हतं. माझा स्वभावच असा, दुसऱ्याच्या घरातली तसबीर वाकडी दिसली तरी हात शिवशिवतात. मी सारखा विषय काढायचे. ती शांतपणे सांगायची, "अम्मी नाही घालत, बहीण नाही घालत. कॉलेजात असताना मीच सुरू केलं. अब्बा नको म्हणाले तर दोन दिवस जेवले नाही." मला ते खरंच वाटेना. नवऱ्याच्या धाकानं पढवलेलं बोलते, असं मी धरूनच चालले होते.

मार्चमध्ये परागकणांचा त्रास सुरू झाला की स्टेशनवर जो तो मास्क लावून फिरतो. तेव्हा ती मला कोपरानं ढोसायची. "बघा, यांना कुणी काही विचारतंय?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

शेवटी एकदा सायकल स्टँडवर तिचा नवरा भेटला आणि मला राहवलं नाही. "भाऊ, तुम्ही एवढे शिकलेले. तिला जरा मोकळं फिरू द्या ना."

तो क्षणभर गोंधळला, मग एकदम खुलला. "ताई, बरं झालं तुम्हीच म्हणालात. ऑफिसचे लोक बघतात, मला अवघडल्यासारखं होतं. वर्षभर मी तिला तेच सांगतोय."

तिथंच मला माझी चूक कळायला हवी होती. मला वाटलं, चला, काम सोपं झालं.

पंधरा दिवसांनी समुद्राकाठच्या बागेत ऑफिसच्या कुटुंबांची सहल होती. मिरजकर आली ती उघड्या चेहऱ्यानं. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं, मी तर तिला मिठीच मारली. तिचे हात खालीच राहिले. फोटोसाठी रांगेत उभ्या असताना ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही ह्यांना काय सांगितलंत?"

"तुझ्यासाठी भांडले," मी म्हटलं. मला अभिमानच वाटत होता.

"वर्षभर मी टिकले होते. परवा म्हणाले, बघ, तुझ्या ताईसुद्धा हेच म्हणतात. मग मी कुणाच्या जिवावर नाही म्हणू?"

समोरून हसायला सांगत होते. मी हसले. तो फोटो अजून माझ्याकडे आहे आणि मला तो बघवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा नकाब घातला. नवऱ्याशी काय बोलणं झालं, मला कळलं नाही. आमचं येणं-जाणं थांबलं. दोनदा मी बेल वाजवली, पण दार उघडलं नाही. रस्त्यात भेटली की "बऱ्या आहात ना?" एवढंच.

उन्हाळ्यात त्यांची क्योतोला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी गुळाच्या पोळ्या घेऊन गेले. या वेळी तिनं दार उघडलं, आत बोलावलं, चहा केला. एसी काढून नेलेला, खोलीभर खोकी, उकाडा मरणाचा. घरात आम्ही दोघीच होतो. चुकलं माझं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर शिंकानसेन गाडी किती वाजता आहे. तिनं वेळ सांगितली. मी चुळबुळत बसून राहिले, उगाच घोटघोट चहा पुरवत. तिचा कप तसाच निवून गेला. माझ्यासमोर तिनं नकाब काढला नाही.