झाकण घट्ट लावावे

आम्ही येरवड्याला राहतो असं सांगितलं, की पुण्यात अजूनही एखादा हमखास विचारतो, "कधी सुटलात?" तेव्हा मी जुनी बोट विकत घेतल्यावर लोक काय काय म्हणाले असतील, याची कल्पना करावी. छोटीशी फायबरची बोट, मागे लटकवायची मोटार आणि तिला नळीने जोडलेली पेट्रोलची वेगळी टाकी. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी चांगली रुंद होते आणि पावसाळा सरला की तिचा वासही जरा माणसात येतो. तिथे मी रविवारी रीतसर परवानगी काढून फेऱ्या मारतो. बायको येत नाही. ताई येते.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. साठीच्या अलीकडची, बँकेतून स्वेच्छानिवृत्त. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आमच्याच वरच्या मजल्यावर राहते आणि फावल्या वेळात पाट्या लिहिते. तिच्या दारावर आहे, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, सावकाश आहोत.' जिन्यात आहे, गच्चीत आहे, माझ्या स्कूटरवरसुद्धा एक आहे. ती इथे सांगण्यासारखी नाही.

गेल्या हिवाळ्यात या ताईसाठी स्थळ आलं. खडकीचे एक गृहस्थ, दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलं परदेशात. ताई आधी हसली. मग रागावली. मग दोन दिवस पोळ्या करताना गुणगुणत होती, ते मी जिन्यातून ऐकलं. शेवटी म्हणाली, "भेटेन, पण एकदाच. घरी नको, या वयात मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येणार नाही. हॉटेलात नको, कुणीतरी ओळखीचं टपकतंच. आणि नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

एकदाच! मला हे जमायला हवं होतं. इतकं, की माझ्या स्वतःच्या लग्नातही मी एवढा कासावीस झालो नव्हतो. मी म्हणालो, "बोटीत भेटा. नदीत कोण ओळखीचं टपकणार?"

रविवारी सकाळी गृहस्थ कडक इस्त्रीच्या शर्टात, डोक्यावर कापडी टोपी घालून घाटावर हजर. ताई निळ्या साडीत. नमस्कार झाले. मी मागे मोटारीपाशी, ते दोघं समोरासमोर आणि मध्ये पेट्रोलची टाकी. दोरी ओढली, मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली आणि मी मनातल्या मनात साखरपुड्याचा हॉल बघायला लागलो.

"आपल्याला पोहता येतं?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही. आपल्याला?"

"नाही."

"मग बरं. कुणी कुणाला वाचवायला नको," ताई म्हणाली. गृहस्थ हसले. मी खूश झालो. आणि बरोबर पुलासमोर, नदीच्या मधोमध, मोटारीने खोकून जीव टाकला.

दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. टाकीत पेट्रोल भरपूर होतं, ते बाहेरून दिसतच होतं. नळीच्या मध्ये एक रबरी फुगा असतो. तो दाबला की पेट्रोल मोटारीकडे ढकललं जातं. बघतो तर फुगा चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा. दाबायला आत काही उरलंच नव्हतं. म्हणजे पेट्रोल कुठेतरी अडलं होतं. नळी कुठे दबली आहे का हे शोधत शोधत माझी नजर जिथे पोहोचली, तिथे ताई बसली होती.

"ताई, जरा उठतेस?"

"का?"

"तू नळीवर... बहुतेक..."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नदीत उडी मारायला तयार झालो. गृहस्थ ताबडतोब समोरच्या पुलाची रचना न्याहाळायला लागले. ताई सरकली. खाली नळी नव्हतीच.

तोवर पुलाला आम्ही दिसलो होतो. पुण्यात कुणाचं वाहन बंद पडलं आणि आजूबाजूचे गप्प बसले, असं कधी झालंय? दुचाक्या थांबल्या, कठड्यावर कोपरं टेकली गेली आणि सल्ले सुरू झाले.

"चोक द्या, चोक!"

"अहो, रिझर्व्हला लावा!"

"आडवी करा! जरा आडवी करून परत सुरू करा!"

बोट आडवी करा म्हणत होता तो माणूस. स्कूटर जन्मभर आडवी करत आलेल्या शहराला दुसरा उपाय सुचतच नाही. गृहस्थ वर बघून अत्यंत शांतपणे म्हणाले, "आपण खाली या, आपल्यासकट करू."

ताई फिस्सकन हसली. पण लगेच वरून ओळखीचा आवाज आला, "अगं बाई, तू इथे कशी? आणि हे पाहुणे कोण?" आमच्या शेजारच्या काकू! भाजीची पिशवी घेऊन कठड्यावर ओणवलेल्या. ताईने झटकन डोक्यावर पदर ओढला आणि तोंड फिरवलं. संपलं, असं मला वाटलं.

काहीतरी करायचं म्हणून मी टाकीचं झाकण फिरवलं. 'फुस्स' असा मोठा आवाज झाला आणि रबरी फुगा आपोआप टम्म फुगला. दोरी ओढली, मोटार सुरू! पुलावरून टाळ्या. मी झाकण नीट आवळून बसवलं. आम्ही थोडं पुढे गेलो आणि मोटार पुन्हा बंद. वरून सामुदायिक "अरेरे".

"झाकण उघडलं की चालते, लावलं की गुदमरते," गृहस्थ म्हणाले आणि चष्मा लावून वाकले. झाकणावर पाटी होती. आदल्या संध्याकाळी चिकटवलेली, पाण्याने खराब होऊ नये म्हणून वरून चिकटपट्टीचे चांगले चार वेढे दिलेली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, "'झाकण घट्ट लावावे. वास पेट्रोलचा आहे, अत्तराचा नव्हे.'"

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. झाकणाच्या मधोमध हवा आत जायला भोक असतं. त्यावरचा स्क्रू आधीच्या मालकाने हरवला होता आणि तिथूनच तो वास यायचा. ताईने भोकच बुजवलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना.

"अक्षर सुरेख आहे," गृहस्थ म्हणाले. "कुणाचं?"

ताईने पदर खाली घेतला. "माझं." "बाई, आपण इंजिनाचा श्वासच कोंडलात की!" असं ते म्हणाले आणि ताईला हसू फुटलं. साधं नव्हे. डोळ्यांतून पाणी, हात पोटावर, बोट डुगडुगतेय, गृहस्थ दोन्ही हातांनी काठ धरून हसताहेत, मी कशासाठी हसतोय ते मला ठाऊक नाही. ताईला असं हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी पेट्रोलच्या वासावर ढकललं.

ताईने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि स्वतःच्याच पाटीच्या मधोमध खुपसली. पाटी मात्र काढू दिली नाही. "मजकूर चांगला आहे," म्हणाली. गृहस्थांनी मान डोलावली.

मोटार आता एका लयीत चालली. मी बोट वळवली. पुन्हा पुलाजवळ येताच काकूंनी दोन्ही हातांचा कर्णा केला, "अगं, सांगितलं नाहीस, पाहुणे कोण?"

ताईने मान वर केली आणि त्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "पाहुणे नाहीत, घरचेच आहेत!"

गृहस्थ इतके गडबडले, की त्यांनी टोपी काढून अख्ख्या पुलाला नमस्कार केला.