खानावळीची निळी पाटी

जाम गावच्या चौकातला पेंटर पाटी रंगवण्याआधी रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहतो आणि डोळे बारीक करतो. मी कॉलेजात ब्रँड आणि रंगांचं मानसशास्त्र शिकतो, म्हणून अधूनमधून त्याच्याकडे जातो. परवा एका बाईंनी नव्या खानावळीसाठी निळी पाटी सांगितली.

"निळ्यानं भूक मंदावते, असं पुस्तकात आहे," मी चाचरत म्हणालो.

"भुकेचं सोड, बाबू. निळा पाहून लोक जात वळखतात, अन् काही जेवाले थांबत नाई. मी सांगतलं बाईले."

"मग?"

"म्हणे, निळाच पायजे."

त्याने निळ्याचे दोन हात दिले. पाटी लागली त्या दुपारी, आत जागा असूनही, तो बाहेरच्या बाकावर रस्त्याकडे तोंड करून सावकाश जेवला.