तेकामच्या नावाचं मडकं

माझ्या आत्याचं नाव माचिंदा. ती चौकात भाजलेली केळी विकायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. "नीट भाजलंय ना?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "नाही रे, तुझ्या लग्नापर्यंत भाजेल." तिला स्वतःचं मूल नव्हतं. माझी आई बाळंतपणात गेली, बाप तेकाम फ्रेंचांशी लढायला जंगलात गेला, म्हणून चार वर्षांची मी तिच्या पदरात पडले. तिला मऊ शब्द येत नसत. माझ्या डोक्याला तेल लावतानासुद्धा ती कुणाला तरी शिव्या देत असायची.

या बाईनं आयुष्यात एकच चोरी केली. ती एकसष्ट साली. राजधानीत झेंडा बदलून वर्ष झालं होतं, पण आमच्या डोंगरात हुकूम अजून फ्रेंच अधिकाऱ्यांचाच चालायचा आणि जंगलातली माणसं लढतच होती. हाती लागलेल्याला मारून त्याचं डोकं बांबूवर खोचायचे, चौकात उभं करायचे, खाली पुठ्ठ्यावर नाव. आमच्याकडे माणूस पुरला की काही वर्षांनी त्याची कवटी वर काढतात, मडक्यात ठेवतात, तिला मीठ आणि लाल तेल देतात, सुखदुःख सांगतात. ज्याची कवटी घरी नाही, तो मेल्यावरही दारोदार फिरतो. हे त्या अधिकाऱ्यांना कुणीतरी आमच्यातल्यानंच सांगितलं असणार. त्याचं वाटोळं झालं असेल अशी मला अजून आशा आहे.

एका सकाळी पुठ्ठ्यावर 'तेकाम' आलं. आत्याला वाचता येत नव्हतं, शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. खिशात त्याच्या नावाचा सरकारी ओळखीचा पास सापडला होता म्हणे. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. दोन दिवस ती समोर बसून केळी विकत राहिली, वर न बघता. तिसऱ्या दिवशी सकाळी असं धुकं उतरलं की हाताला हात दिसेना. पहारेकरी शेकोटीकडे गेला आणि आत्यानं भावाचं डोकं काढून टोपलीत ठेवलं, वर अळकुड्या पसरल्या. गावाच्या टोकाला दुसऱ्या पहारेकऱ्यानं अडवलं.

"काय आहे?"

"अळकुड्या. घे चार, उकडून खा. वाळलायस नुसता."

त्यानं वरच्या चार उचलल्या. पाचवी उचलली असती तर माझी आत्याही बांबूवर गेली असती. ही गोष्ट ती हसत सांगायची आणि सांगताना दोन्ही हात काखेत घालून बसायची.

डोकं तिनं केळीच्या बागेत पुरलं. दोन वर्षांनी कवटी काढून मडक्यात ठेवली. शिपायांनी आमची घरं जाळून सगळ्यांना तारेच्या कुंपणात नेऊन कोंडलं, तेव्हा ते मडकं मक्याच्या पिठाच्या पोत्यात बसून आमच्याबरोबर आलं. मी त्या मडक्याशी बोलतच मोठी झाले. "बाबा, मास्तर मारतात." "बाबा, मला ताप आलाय." दिलेलं तेल सकाळपर्यंत आटलेलं असायचं. फक्त एक होतं. बाकीच्या मुलींचे मेलेले बाप स्वप्नात येऊन बोलायचे, माझा यायचा आणि पाठ करून उभा राहायचा. मी घाबरून उठायचे.

"लाजतो गं," आत्या म्हणायची. "लहानपणापासून तसाच."

गावात आमच्या घराच्या कुंपणापलीकडे मेगेम राहायची. विधवा, एकुलता एक मुलगा सिएवे, तोही माझ्या बापाबरोबर जंगलात गेलेला. त्याची काहीच खबर नव्हती. ती त्याचं सुतक धरायला तयार नव्हती, रोज त्याच्या नावानं थाळी झाकून ठेवायची. आत्या तिला टोचायची, "मेगेम, ती थाळी रोज कोंबड्या खातात. त्यांना तरी मुलगा म्हण." मेगेम रागवायची नाही. म्हणायची, "माझा येणारय."

अडुसष्टला आम्ही पुन्हा गावात आलो, घरं बांधली आणि आत्यानं माझ्या बापाच्या दिवसाचा मोठा नाच घातला. दोन बकरे पडले. सगळ्यांत जास्त कोण नाचलं असेल तर मेगेम. हातात घोड्याच्या शेपटीचा झुपका घेऊन, घामानं भिजेपर्यंत. आत्यानं तिच्या पानात बकऱ्याचं काळीज वाढलं.

बहात्तर साली, भर दुपारी, मी अंगणात घेवडा सोलत होते. एक लंगडा माणूस कुंपणातून आत आला. आत्या बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं, आत गेली, मडक्यावर हात ठेवला आणि पुन्हा बाहेर आली.

"ताई, पाणी दे," तो म्हणाला.

"कोण तू?"

"तेकाम."

"माझा भाऊ आत जेवतोय," आत्या म्हणाली.

मग ती उंबऱ्यावरच बसली. मी त्या माणसाला बाबा म्हणाले नाही. खरं सांगते, मला तो आवडला नाही. माझा बाप मडक्यात होता आणि मी त्याला सगळं सांगितलेलं होतं.

त्यानं मडक्याकडे पाठ करूनच सांगितलं. पायात गोळी लागली होती. सिएवे म्हणाला, गावात जाऊन औषध आणतो. गावात शिरायला पास लागायचा, सिएवेकडे तो नव्हता, म्हणून यानं आपला दिला. वाट बघितली, तो आला नाही. मग सरपटत सीमेपलीकडे गेला आणि अकरा वर्षं विटा भाजल्या. आता सरकार माफी देतंय असं ऐकलं, म्हणून परतला.

तेवढ्यात मेगेम पिठाच्या हातांनी धावत आली. "आलास रे! आणि माझा?"

माझ्या बापानं जमिनीकडे बघितलं. "मागून येतोय, काकू."

ती पळाली. त्या दुपारभर कुंपणापलीकडून झाडूचा आवाज येत होता. मग कोंबडी ओरडली. मग आंघोळीचं पाणी तापवल्याचा धूर आला. आम्ही तिघं ऐकत बसलो.

"राहू दे तिला आशेवर," बाप म्हणाला. "सांगितलं तर मीच त्याला मारलं असं होईल."

"तुझं काय होईल ते तू बघ," आत्या म्हणाली. "तो इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावानं जेवतोय. त्याची आई हाकेच्या अंतरावर आहे आणि मी त्याला घरी जाऊ दिलं नाही."

सकाळी ती मडकं घेऊन निघाली, मागे मी मीठ आणि तेल घेऊन. बाप घरातच थांबला. मेगेम दारातच बसली होती, नवं लुगडं नेसून. मडकं बघितल्यावर तिला सांगावं लागलं नाही. तिनं कवटी मांडीवर घेतली, जबड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "माचिंदा, मी नाचले."

आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"माझ्या पोराच्या दिवसाला मी नाचले. काळीज खाल्लं मी. दोनदा मागून घेतलं."

माझ्या आत्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. जरा वेळानं मेगेमनं विचारलं, "मीठ किती लागतं त्याला?" आत्यानं चिमूट करून दाखवलं.

आमचा आठवडा आठ दिवसांचा, आणि आठवड्यातून एकदा कवटीला जेवायला हाक मारायची. पहिल्या आठवड्यात मेगेमनं "सिएवे, जेव" म्हणून हाक मारली. तेल तसंच राहिलं. दुसऱ्या आठवड्यातही तसंच, तिसऱ्यातही. चौथ्या आठवड्यात कुंपणापलीकडून हाक आली, "तेकाम, ये बाळा, जेव." सकाळी वाटी कोरडी होती, असं ती म्हणाली. मी पाहिलं नाही, पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

त्यानंतर दर आठ दिवसांनी ती हाक. माझा बाप अंगणात जेवत असायचा. एकदा तो उठून तिच्याकडे गेला. "काकू, माझं नाव मला परत द्या. मी जिवंत आहे."

"तूच दिलंस ना त्याला?" मेगेम शांतपणे म्हणाली. "तेच घेऊन तो मेला. आता दुसरं कुठून आणू त्याला?"

तो परत आला. त्या दिवसापासून आत्यानंही त्याला नावानं हाक मारली नाही. 'अरे' म्हणायची, 'ऐक' म्हणायची. मी बाबा म्हणायला लागले, उशिरा, आणि तेही बहुतेक त्याला काहीतरी म्हणावं लागतं म्हणून.

तो आणखी नऊ वर्षं जगला. पलीकडून "तेकाम, जेव" अशी हाक आली की त्याच्या हातातला घास परत पानात जायचा. सगळ्या गावाशी भांडणारी माझी आत्या तेव्हा हळूच त्याच्या पानात वाढायची आणि म्हणायची, "खा रे. तुला नाही बोलावलं."

पण तो त्या दिवशी पुढे जेवायचा नाही.