शून्य गोलांचं मानपत्र

मीरा रोडला मुलाकडे येऊन तीन आठवडे झाले, तरी लांज्याच्या मंडळींना मी एक ओळ लिहिली नव्हती. लिहिणार काय? इथे इमारती आहेत, आणि इमारतींच्या पलीकडे आणखी इमारती आहेत. पण गेल्या रविवारी सकाळी मी एका बोस्नियन फुटबॉलपटूला घेऊन उत्तनजवळच्या पाली गावाला निघालो, तेव्हा आता लिहायलाच हवं.

बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची फ्रेम होती. फ्रेममध्ये मानपत्र होतं, आणि ते माझ्याच हातचं होतं.

झालं असं, की पालीचा विल्सन माझ्या मुलाच्या ऑफिसात आहे. त्याच्या मंडळाचा फुटबॉलचा सामना होता आणि पाहुणा होता सेनाद. हा माणूस मीरा रोडच्या एका क्लासमध्ये चार महिने पोरांना फुटबॉल शिकवत होता. मी मराठीचा निवृत्त मास्तर आहे हे कळताच विल्सन म्हणाला, "सर, एक मानपत्र लिहून द्या ना!" आता मानपत्रं मी साठेक तरी लिहिली असतील. सरपंच झाले, सभापती झाले, बदली होऊन जाणारे तलाठी झाले. त्यासाठी माणूस माहीत असावा लागत नाही. माहीत असला तर उलट हात अडखळतो. मी एका बैठकीत लिहून दिलं : 'प्रतिस्पर्ध्यांच्या जाळ्यांत गोलांचा पाऊस पाडणारे...' दुसऱ्या दिवशी विल्सनने ते छापून काचेत बसवलंसुद्धा.

सेनाद रिक्षा स्टँडवर उभा होता. चाळिशीला टेकलेला, सहा फूट उंच, डोक्याचा तुळतुळीत गोटा, उजव्या गुडघ्याला पट्टा. आडनाव त्याने तीनदा सांगितलं, मला एकदाही जमलं नाही. तो मोडकं इंग्रजी बोलत होता, मी त्याहून मोडकं. इथे दोघांचंही मराठी करून देतोय.

रिक्षाने भाईंदरला जाऊन आम्ही उत्तनची बस धरली. कंडक्टर म्हणाला, "काका, काच आहे ना? पुढे बसा, मांडीवर धरा." इमारती संपल्या, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली आणि वाऱ्याला खारट वास आला. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्या खुशीत मी विचारलं, "एकूण गोल किती केलेत?"

सेनाद हसला. "लोक मला दोनच प्रश्न विचारतात. युद्ध कसं होतं आणि गोल किती." मग त्याने अंगठा आणि बोट जुळवून शून्य दाखवलं. "मी डिफेंडर."

लांजेकरांनो, डिफेंडर म्हणजे समोरच्याला गोल करू न देणारा. कबड्डीतला कोपरा समजा. फक्त पकड झाल्यावर मांडीवर थाप मारायची सोय नाही.

"एकही नाही? चुकून?"

"चुकून एक. आमच्याच जाळ्यात."

माझ्या मांडीवरची फ्रेम दहा किलोची झाली. आणि त्यावर त्याने काय बोलावं? सतरा वर्षं खेळला, तीन देशांत खेळला. आईच्या घरात भिंतीवर फोटो आहेत ते सगळे संघाचे. हा मागच्या रांगेत. गुडघा संपला, आता दोन दिवसांनी तो कायमचा घरी चालला होता. "माझ्या एकट्याच्या नावाचा कागद आज पहिल्यांदा मिळणार," तो म्हणाला. "आईला द्यायचाय."

देवा रे! साठ मानपत्रांत असा फास कधी गळ्याला लागला नव्हता.

पालीच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून स्कूटर आली की माणसाने दारात शिरायचं. विल्सनच्या घरी तांदळाची भाकरी आणि तळलेले ताजे बोंबील होते. सेनादने पहिल्या बोंबलाचा काटा शोधत पाच मिनिटं घालवली. विल्सनच्या बायकोने "खा, खा, काटा पन खा," म्हटल्यावर त्याने पुढचे सात काट्यासकट संपवले. मी मात्र विल्सनला मागच्या पडवीत ओढलं आणि सगळं सांगून टाकलं.

"विल्सन, काही कर, पण ह्याच्याकडून एक तरी गोल करवून घे. निदान खोटं थोडं पातळ होईल."

"टेन्शन न्हाय, सर. त्यांचा गोलकीपर माझा मेव्हना हाय. पंचाला सांगून पेनल्टी मिलवून देतो."

मैदान समुद्राला लागून होतं. एका टोकाला, पालीच्या गोलाच्या अगदी मागे, बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातले होते. ते रोझी मावशींचे. साठीच्या पुढच्या, कमरेवर हात. सामन्यासाठी बोंबील काढायला त्यांनी साफ नकार दिला होता. "अजून दोन दिवसांचं ऊन लागतं. एक जरी बॉल हिकडं आला, तर खेल बंद. मंग तुमचा पाव्हना कुठचा पन असंल."

विल्सनने हे सेनादला समजावलं. सेनादने बोंबलांकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि थेट गोलासमोर जाऊन उभा राहिला.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण तासभर मी एवढंच पाहिलं, की हा माणूस फारसा धावत नव्हता. पोरांना हातवारे करायचा, इकडे सरक, तिकडे सरक. आणि चेंडू त्या बाजूला यायचाच नाही. माझ्या शेजारचा एक जण म्हणालाच, "काय पाव्हना आनलाय, काय करतच न्हाय!"

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा पंचाने, कोणी कोणाला धक्काही लावलेला नसताना, पालीला पेनल्टी दिली. सगळे ओरडले, "सेनाद! सेनाद!" तो नको नको म्हणत होता. मी रेषेवरून हात जोडले. शेवटी तो गेला. चेंडू त्याने तीनदा उचलून पुन्हा नीट ठेवला, म्हणजे त्यालाही हवाच होता तो गोल.

मेव्हणा ठरल्याप्रमाणे भलतीकडे पडला. सेनादने मारलेला चेंडू खांबावर आपटून परत आला. समोरच्यांच्या एकाने तो पायात घेतला आणि पालीच्या गोलाकडे सुसाट निघाला. तिथे आता गोलकीपर सोडून कोणीच नव्हतं. सेनाद वळला आणि तो पट्टा बांधलेला गुडघा घेऊन अख्खं मैदान मागे धावला. त्या पोराचा फटका गोलावरून बोंबलांकडे जायला निघाला, तेवढ्यात सेनादने अंग फेकलं. चेंडू त्याच्या छातीवर आदळून बाहेर गेला.

लोक मात्र अजून पेनल्टीवरच हसत होते.

रोझी मावशी चालत गेल्या, पदराने त्याच्या तोंडावरची वाळू पुसली आणि डाफरल्या, "तिकडं कशाला गेलतास? तुजी जागा ही! जागा सोडायची न्हाय!"

त्याला शब्दही कळला नसणार. पण खाली मान घालून त्याने होकार दिला.

सत्कारात शाल झाली, नारळ झाला. मग माझ्या हातात माईक आला आणि मी, भेकड मास्तर, छापलेलं होतं तसंच वाचलं. 'गोलांचा पाऊस' आल्यावर मैदानभर हशा पिकला. लोक खूश झाले असं वाटून सेनादने वाकून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या बसमध्ये फ्रेम त्याच्या मांडीवर होती, कागद काढलेली. बराच वेळ तो त्या अक्षरांकडे पाहत राहिला.

"काय लिहिलंय?"

खरं सांगायचं ठरवून मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "लिहिलंय, की हा माणूस सतरा वर्षं आपल्या जागेवर उभा राहिला, म्हणून मागच्यांना निवांत बसता आलं."

"कुठे?"

मी 'गोलांचा पाऊस'वर बोट ठेवलं.

त्या ओळीवरून त्याने अंगठा फिरवला. माझ्याकडे पेन मागितलं, फ्रेम उलटी केली, आणि मागच्या पुठ्ठ्यावर, मला ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावून, आपल्या भाषेत उतरवून घेतलं. "आईला वाचता यायला हवं," तो म्हणाला. मग "ह्वाला" (आभार) म्हणून खिडकीकडे तोंड केलं. डोळे पुसले असावेत. मी पाहिलं नाही.

तो गेला. मीही आता लांज्याला परततोय. आपल्याकडच्या एका मावळत्या सभापतींचं मानपत्र कालच फोनवर सांगून आलं. म्हटलं, आधी माणसाला भेटतो. तिकडे बोस्नियात एका भिंतीवर माझी ती फ्रेम लागली असेल. दर्शनी बाजूला माझं आयुष्यभराचं सगळं कसब आहे. म्हाताऱ्या आईला मात्र ती रोज खाली उतरवून, उलटी करून वाचावी लागत असेल.