हिरव्या रंगाखालचं लोखंड

“बॉनेट उघडू नका, नागोराव. आधी तिला बिघडू द्या.”

“बिघडू द्या? अहो संपतभाऊ, महिन्यापासून बिघडूनच राह्यली ना ते! आता अजून कितीक बिघडवता?”

“आत्ता चावी दिली तर भुर्रकन सुरू झाली का न्हाई? म्हंजे आत्ता ती बरी हाय. धडधाकट मान्साची नाडी बघून काय कळतंय? ताप चढल्यावर हात लावायचा. चला, पलीकडनं खडी भरू आन् घाट चढू. मी संगं येतो.”

एवढं बोलून संपतनं टपरीचं फळकूट खाली ओढलं, खांद्यावर तारेचं वेटोळं टाकलं आणि ट्रकच्या केबिनीत चढून बसला.

कात्रजच्या चौकातून निघून बिडी संपेपर्यंत चालत गेलं, की नांद्रुकीच्या झाडाखाली ही टपरी लागायची. ‘संपत वायरमन’ एवढंच पाटीवर. इंजिन खोलणारे मिस्त्री निराळे. संपतचं काम गाडीच्या तारांचं. दिवा, हॉर्न, सेल्फ, बॅटरी. आंबेगावच्या रानातून पोरवयात उठून आला तो तीस वर्षं ह्याच झाडाखाली बसला. साल होतं दोन हजार चार. समोरच्या बायपासवरून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या काळ्या काचा लावून सुसाट पळायच्या, आणि संपत त्यांच्याकडं परगावच्या वऱ्हाडाकडं बघावं तसं बघायचा.

नागोराव मूळचा वाशीमकडचा. दुसऱ्याच्या गाड्या चालवत पुण्याला आला आणि चौऱ्याण्णव साली त्यानं स्वतःचा ट्रक घेतला. टर्बोवाला. त्या काळात टर्बो म्हणजे अप्रूप. पेट्रोलपंप कुठं ते विचारायला येणारी माणसंसुद्धा वाकून बघून जायची. नुसती चॅसी आली होती. तिच्यावर लाकडी बॉडी इथंच बांधली, आणि एकूण एक तार संपतनं ओढली. कपाळावर पेंटरकडून आईचं नाव घातलं: ‘वेणूबाई’. तेव्हापासून गाडीला कुणी ट्रक म्हटलंच नाही. वेणूबाई आली, वेणूबाई पंक्चर झाली, असंच.

आणि आता वेणूबाई मरून पडायची. रिकामी असली की झक्कास. भरून घाटात घातली, की मधेच ओढ कमी, आणि एखाद्या वळणावर इंजिन एकदम गप्प. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ टिक करत नाही. अर्ध्या तासानं चावी फिरवावी तर जसं काही झालंच नाही. आठ दिवसांमागं संपतनं टर्बोकडून येणारा हवेचा रबरी पाइप बघितला. क्लिपेखाली चीर गेली होती. जोर आला की उघडायची, जोर गेला की मिटायची. पाइप बदलला, ओढ आली, काळा धूर थांबला. संपत छाती काढून म्हणाला, “जावा, आता परत यायचं न्हाई.”

चौथ्या दिवशी वेणूबाई घाटात पुन्हा मेली. मागं दीड कोस गाड्या तुंबल्या. ती खडी टाकायची त्या हिंजवडीच्या साइटवरच्या साहेबानं तिचं नाव फळ्यावरून पुसलं. मोठ्या गॅरेजात नेली तर तिथला मिस्त्री म्हणाला, “आमचं कम्प्युटर लावायला हिला भोकच नाही, काका.” वर टर्बो बदला म्हणाला. शेवटी नागोरावनं रंगनाथ भंगारवाल्याला निरोप धाडला होता. तो आज चारला टपरीवर यायचा होता. तोवर दुखणं सापडलं तर वेणूबाई रस्त्यावर. नाही तर उद्या गॅसकटरखाली. नागोराव हे एकदाच बोलला होता आणि मग खिडकीबाहेर थुंकला होता.

घाटापल्याडच्या क्रशरवर खडी भरली. संपतनं केबिनीत दोन बल्ब टांगले. दोन्हींची एकेक तार बॅटरीच्या प्लसवर. उरलेल्या तारांपैकी एक चॅसीला, दुसरी थेट इंजिनच्या अंगाला.

“ह्याचं काय करता?” नागोराव.

“जो पडंल तो चोर.”

गाडी घाटाला लागली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. दोन्ही बल्ब लखलखीत. इंजिनाचा घुमारा ऐकता ऐकता संपतला बॉडी बांधल्याचा उन्हाळा आठवला. तेव्हा आंबेगावच्या उतारावर त्यांची पेरूची बाग होती. हा नागोराव मुक्कामाला घरी यायचा, संपतच्या बायकोनं, बायडाबाईनं थापलेल्या भाकरी चार-चार खायचा, आणि ती म्हणायची, “गाडीपरीस डायवरलाच डिझेल जास्ती लागतंय.” वायरिंग पुरं झालं त्या दिवशी दिवे लावून बघायला सगळी वाडी जमली होती.

“संपतभाऊ! इंजिनवाला पडला!”

एक बल्ब तसाच जळत होता. दुसरा विस्तवावर राख धरावी तसा लाल झाला, आणि इंजिन बंद.

“लावा हँडब्रेक! चावी हाय तशी ऱ्हाऊ द्या!” संपतनं उडी मारून चाकामागं दगड लावले. “चॅसीला करंट परत जातोय, इंजिनाला जात न्हाई. इंजिन आन् चॅसी जोडणारी जी पट्टी, अर्थिंगची, तिथं गडबड हाय. डिझेल सोडणारी कळ करंटवर चालती. करंट तुटला की ती मिटती, इंजिन मेलं. सेल्फबी त्याच वाटंचा. इंजिन जोर लावतं तवा अंग मुरगाळतं, आन् पट्टीचा आधार सुटतो. सपाटीला कसं सापडंल?”

तो पान्हा घेऊन गाडीखाली सरपटला. नट गच्च होता. वरून बघणाऱ्याला शंका यायची नाही. नट काढून पट्टी बाजूला केली, आणि संपत तसाच पडून राहिला.

पट्टीखाली हिरवा रंग.

पासिंगला न्यायच्या आधी गाडी रंगवायची, ही सगळ्याच ट्रकवाल्यांची रीत. नागोराव तर नवरीसारखी सजवायचा. दर खेपेला नवा रंग, चॅसीसुद्धा सोडायचा नाही. आणि रंगातून करंट जात नाही म्हणून रंगवायच्या आधी ही पट्टी सोडायची, नंतर लोखंड खरवडून, ग्रीस लावून परत आवळायची, हे काम संपतचं. त्यानं ब्लेडनं हिरवा खरवडला. खाली रुपयाएवढं चकचकीत लोखंड निघालं. त्याच्या कडेला मात्र पापुद्रे होते: निळा, त्याखाली शेंदरी, त्याखाली कंपनीचा. म्हणजे इतकी वर्षं दर खेपेला त्यानं ही जागा साफ केली होती. मागच्याच खेपेला नव्हती केली.

त्याला तो दिवस लख्ख आठवला. दुपारी भावाचा सांगावा आला, बागेत मोजणीवाले आलेत, जमीन चालली, लवकर ये. रंग ओलाच होता. त्यानं पट्टी वर ठेवली, नट आवळला आणि सायकल मारत आंबेगाव गाठलं. पोचला तेव्हा खुंटे ठोकून झाले होते, आणि पेरूची पहिली रांग आडवी होती. एका झाडावर कच्चे पेरू होते ते पोरं तोडत होती. त्यानंही एक खाल्ला. तुरट होता.

नट पिळून बसला होता तोवर बोल्टच्या आट्यांतून करंट जात राहिला. पावसाळ्यात आट्या गंजल्या, आणि हे दुखणं सुरू झालं.

संपतनं जागा घासली, आट्या घासल्या, ग्रीस लावलं, पट्टी आवळली. गुपचूप वर येऊन “सापडलं” म्हटलं असतं तरी नागोरावनं हात जोडले असते. गाडीखाली कोण बघायला येतंय? तो बाहेर आला, पाठीची माती झटकली, आणि म्हणाला,

“चूक माझी हाय, नागोराव. रंगावरच नट आवळला व्हता म्या. मोजणीच्या दिवशी. आन् तुमी महिनाभर टर्बोला शिव्या घालताय.”

नागोरावनं वाकून गाडीखाली बघितलं. मागून येणारी एक जीप हॉर्न मारून, शिवी हासडून पुढं गेली.

“पहिले काहून नाही सांगतलं?”

“मलाच आत्ता कळालं.”

“साइटवरून नाव गेलं ना माह्यं.”

“साहेबाला मी येऊन सांगतो. उद्याच.”

नागोरावनं चावी फिरवली. वेणूबाई एका दमात उठली. तिसऱ्या गिअरात बोगदा पार झाला तरी दोन्ही बल्ब जळत होते. मग तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “म्हणजे रंग म्या देल्ला, अन् नट तुमी आवळला. मंग भंगारवाल्याले काय सांगू, आमा दोघाईले घेऊन जा?”

“रंगनाथ घ्यायचा न्हाई. आपल्यात लोखंड कमी हाय.”

टपरीवर रंगनाथ टेप घेऊन बसलाच होता. गाडीला बाहेरूनच एक चक्कर मारून म्हणाला, “लांबी किती भरंल, हो?”

“हिंजवडीपर्यंत,” नागोराव म्हणाला. संपत उतरला तशी त्यानं गाडी बायपासला घातली. मागं वळूनही बघितलं नाही. रंगनाथ टेप गुंडाळत तिच्या धुरळ्याकडं बघत राहिला.

झाडाखाली कंपनीची एक बस उभी होती. तिचा ड्रायव्हर भीमराव केव्हाचा घड्याळ बघत होता.

“काका, मागचा दिवा कधी लागतो, कधी नाही. साडेपाचला इंजिनेर लोक आणायचेत.”

संपतनं रॉकेलात हात बुडवले, चिंधीला पुसले आणि बसच्या मागं जाऊन उकिडवा बसला.

“चढ वर. दाब ब्रेक,” तो म्हणाला. “दाबून धर.”