बघूकाकांची पाटी

त्या रफूगाराला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. शर्ट आणा, शाल आणा, ते भोक उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "बघू." बुधवारी मिळेल का? बघू. दिसणार नाही ना? बघू. लग्नाला होकार देतानाही ते "बघू"च म्हणाले होते, असं त्यांची बायको सांगते, आणि चेहरा असा करते की जणू त्याचा निकाल अजून लागायचाय. तेव्हा नाव पडलं बघूकाका.

हात मात्र सोन्याचे. कापडाच्याच आतल्या दुमडीतून दोरे उपसायचे आणि सुईने एकेक उभा-आडवा धागा असा विणायचा, की भोक शोधायला भिंग लागावं. फक्त उलट बाजूला, अस्तराच्या आत, ते एक लाल टाका टाकत. आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून. एवढीच त्यांची घमेंड, आणि तीसुद्धा झाकलेली.

पण फाटलं की फेकून द्यायचे दिवस आले आणि काकांवर माश्या मारत बसायची वेळ आली. त्यांची भाची छापखान्यात कामाला. जीभ यंत्रापेक्षा जोरात चालायची. ती म्हणाली, "मामा, पाटी लावा. स्वतःच्या कामाबद्दल लिहा. ठासून लिहा. नाहीतर दिवाळखोरीची पाटी मीच छापून देते, फुकट."

काकांनी लिहिलं : 'येथे बऱ्यापैकी रफू करून मिळेल. जमल्यास.'

भाची पोट धरधरून हसली. "ही जाहिरात आहे की माफीनामा? 'बऱ्यापैकी' काढा. 'जमल्यास' तर आधी काढा. तुम्ही काय करता ते राहू दे, गिऱ्हाइकाला काय मिळतं ते सांगा. आणि एकच गोष्ट सांगा, पण वाचणारा जागीच थबकला पाहिजे."

काकांनी तीन दिवस पेन्सिल चावली. चौथ्या दिवशी लिहिलं : 'फाटलं होतं हे तुम्हालाही आठवणार नाही.'

"मामा! हे तुम्ही लिहिलंत?"

काका नव्या नवरीसारखे लाजले. "खोटं नाही ना वाटत?"

"वाटेल कसं? आता फक्त नमुना हवा. आधी स्वतःच्या अंगावरचं करा. त्या तपकिरी कोटाच्या खिशाशी ते भोक कधीपासून आहे?"

तीस वर्षांपासून होतं. उजव्या खिशाच्या कोपऱ्याला, एक बोट जाईल एवढं. रफूगाराचाच कोट फाटका, म्हणून गल्ली थट्टा करून करून दमली होती. काकांनी ना कधी उत्तर दिलं, ना कधी त्या भोकाला सुई लावली. पण त्या दिवशी पाटीकडे बघून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खात्री वाटली. कोट मांडीवर घेऊन ते बसले.

बायको आत भाजी चिरत होती. सुरी हातात तशीच घेऊन ती दारात आली. "ते नको."

बघूकाका बघू म्हणाले नाहीत. म्हणाले, "दिसणारसुद्धा नाही."

पाटी लागली आणि रांग लागली. एक बाई कोट न्यायला आल्या, उलटसुलट करून म्हणाल्या, "छान आहे हो. पण मी हा इथे कशाला टाकला होता?" सगळे हसले. एकाची पँट कुत्र्याने फाडली होती. ती नेताना त्याने पोटरीवरची जखम खाजवली, "हे कशाचं हो?" आणि जाता जाता कोपऱ्यावरच्या त्याच कुत्र्याला कुरवाळलं. तेव्हा जरा कमी लोक हसले. दोन भावांचं सात वर्षं बोलणं बंद. भांडणात धाकट्याचा शर्ट फाटला होता, तो त्याने रफू करून घेतला आणि दुकानातून थेट मोठ्याच्या घरी गेला. मोठ्याला सगळं आठवत होतं. त्याने तोंडावर दार आपटलं. धाकटा बाहेर उभा राहून कडी वाजवत राहिला, "अरे दादा, झालं काय?"

भाची खूश. काकांची पाठ ताठ. बघू म्हणणं सुटलं. बायकोचं मात्र बोलणंच सुटलं.

घरात भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. जेवताना काकांनी विचारलं, "ही कुणाची गं पोर?"

"आपली."

"म्हणजे तुझ्या माहेरची?"

बायको उठली, नळ सोडला आणि बराच वेळ नळाशीच उभी राहिली.

मग एका दुपारी फार उकडत होतं. काकांनी कोट काढून खुंटीला लावला तेव्हा अस्तर उलटलं आणि आत लाल टाका दिसला. त्यांचाच. इथे काय होतं? सुई आठवत होती, दोरा आठवत होता, बायकोच्या हातातली सुरीसुद्धा आठवत होती. भोक आठवेना. मग त्यांना कडी वाजवणारा धाकटा आठवला आणि त्यांनी आत हाक मारली.

"अगं ए! इथे काय होतं?"

बायको दारात आली. "तीनदा सांगितलं तुम्हाला."

"काय सांगितलंस?"

"तिन्ही वेळा 'अस्सं?' म्हणालात आणि मीठ मागितलंत."

"चौथ्यांदा सांग."

"नाही सांगत. एकटीने आठवून आठवून माझा जीव जायची वेळ आली. उसवा."

काकांनी आतून दार लावलं. आधी लाल टाका काढला. मग एकेक धागा. त्यांच्या जन्माचं सगळ्यात सफाईचं काम होतं ते, धागा धागा हट्टाला पेटला. बाहेर गिऱ्हाइकं दार ठोठावत होती. उन्हं उतरता उतरता शेवटचा धागा निघाला, भोक उघडलं, आणि काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. काका घाबरून बायकोकडे बघायला लागले.

ती जवळ आली. म्हणाली, "घाला अंगात." काकांनी कोट घातला. तिने करंगळी भोकात घातली आणि खाली ओढलं, लहान मूल ओढतं तसं.

तेव्हा आली. बाजारात बोट अडकवून चालणारी, "बाबा, हळू ना," म्हणणारी. पाठोपाठ ताप आला, दवाखाना आला, पांढरी चादर आली. तीस वर्षांचं सगळं एका दमात.

"आली?" बायकोने विचारलं.

"आली."

दोघं तिथेच, कापडाच्या तुकड्यांत बसून रडली.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. भाची अजून चिडलेली आहे. जुन्याच पाटीच्या पाठीवर काकांनी लिहिलंय : 'रफू करून मिळेल. कसं फाटलं ते आधी सांगावं.' रांग आटली. पण पहिलं गिऱ्हाईक आलं ते धाकटा भाऊ. शर्ट पुढे धरून म्हणाला, "काका, हा उसवून मिळेल का? मी काय केलं होतं ते तरी कळू दे."

काकांनी शर्टाच्या उलट बाजूचा लाल टाका चाचपला. "बघू," म्हणाले, आणि कात्री काढली.

कोट अजून तसाच आहे, फाटका. ते भरल्या बाजारातूनही फार हळू चालतात, आणि नीट बघितलंत तर कोटाचा उजवा खिसा जरा खाली ओढलेला दिसतो. खिशात काही नसतं. बायकोने तपासलंय.